पहिल्या फेरीला वायरमन

मी ज्या विमानातून उडतो त्यात मोबाइल चार्ज करायला जागा नाही. त्यात फार काही ठेवायलाच जागा नाही. दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतात, वर काचेचं झाकण पडतं, आणि पुढे एक इंजिन असतं, ज्याचा आवाज जुन्या भातगिरणीसारखा आहे. पंख काढले तर ते करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीत एका मोटारीच्या जागेत मावेल. सोसायटीचे सेक्रेटरी अर्थात त्यालाही हरकत घेतील.

मी उडतो हे कळल्यावर लोक म्हणतात, "बरं झालं, आता पनवेललाच विमानतळ झाला, तुमची सोय झाली." त्या विमानतळावर माझं विमान कुणी उभंही करू देणार नाही. आमची धावपट्टी घाट चढून दोन तासांवर, उसाच्या शेतांमध्ये आहे, आणि तिच्यावर उतरण्याआधी एकदा खालून जाऊन म्हशी हाकलाव्या लागतात.

करंजाड्याला आमची भाताची खाचरं होती. ती सरकारने घेतली, बदल्यात प्लॉट दिला, प्लॉटवर बिल्डरने इमारत उभी केली, आणि तीस वर्षं कायदा शिकवून निवृत्त होत असलेला मी छप्पन्नाव्या वर्षी विमान चालवायला शिकलो. जमीन गेल्यावर हवेत गेलेला आमच्या घराण्यातला पहिला माणूस, अशी माझी ओळख बायको करून देते. यातला मुद्दा एवढाच, की माझे वडील "आमी" आणि "नाय" म्हणणारे होते. मी कॉलेजात गेलो आणि सगळे ह जागच्या जागी बसवले. पुढे जे घडलं त्याचं मूळ मला तिथे दिसतं, म्हणून सांगितलं.

तर चार्जिंग. हल्ली नकाशा टॅबलेटवर असतो. कुठे आहोत, पुढे कोणाची हद्द लागते, सगळं त्यावर. शिवाय हातात धरायचा एक वायरलेस सेट असतो, विमानाचा मूळचा बिघडला तर उपयोगी पडावा म्हणून. दोघांनाही वीज लागते. विमानाच्या स्वतःच्या वायरिंगला हात लावायचा तर इंजिनिअरच्या सहीचे कागद लागतात, आणि ते यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात टॅबलेटचं मॉडेल बंद होतं. म्हणून क्लबातला प्रत्येक जण आपापली सोय आपण करतो. कुणी पॉवर बँक रबरबँडने मांडीला बांधतो. एकाने स्कूटरची बॅटरी योगासनाच्या चटईत गुंडाळून सीटमागे ठेवली होती. मी पॉवर बँकच वापरत होतो. ऑक्टोबरात काचेखालच्या उन्हाने ती पुरीसारखी फुगली, टॅबलेट बंद पडला, आणि मी एका कालव्याच्या कडेकडेने उडत कसाबसा घरी आलो. क्लबात सांगितलं की जरा निसर्ग पाहत होतो.

त्यानंतरच्या रविवारी मी करंज्याच्या बंदरावर मासळी आणायला गेलो होतो (आमचं करंजाडे वेगळं, हे समुद्रकाठचं). धक्क्याला लागलेल्या एका नावेच्या केबिनमध्ये मासे दाखवणारं यंत्र, जीपीएस आणि वायरलेस असे तिघे एकाच डब्यातून वीज घेऊन गुण्यागोविंदाने चालले होते. नाव पाण्यात एवढी हेलकावत होती की माझ्या विमानाला लाज वाटावी. हे कुणी केलं, असं विचारल्यावर नाखव्याने धक्क्याच्या टोकाच्या पत्र्याच्या टपरीकडे बोट दाखवलं.

टपरीत वायरमन होता. चाळिशी ओलांडलेला, बनियन आणि हाफ पँट, कानामागे टेस्टर. बाहेर त्याची बायको बांबूंवर बोंबील टांगत होती.

"कुठली नाव तुमची, काका?" त्याने विचारलं.

"नाव नाही. विमान आहे."

त्याने मला चपलांपासून टोपीपर्यंत पाहिलं. त्याच्या बायकोने मान न वळवताच विचारलं, "इमानाला बी मासं दिसायचा मशीन बसवतात काय आता?"

"वर काय मासं असतात गो?"

"मग काका हितं कशाला आलं?"

मी सगळं समजावून सांगितलं. माझ्या शुद्ध, कॉलेजातल्या मराठीत. तो ऐकत राहिला आणि मग त्याने मला चार प्रश्न विचारले, जे क्लबात कुणी मला कधी विचारले नव्हते. किती हलतं? ऊन किती वेळ लागतं? पाणी येतं का? आणि, "पट्टा बांधून बसल्यावर तुमचा हात कुठवर पोचतो?"

"हाताचा काय संबंध?"

"धूर आला तर उठून जाल काय तुमी, काका?"

चार दिवसांनी डबा तयार होता. डबा म्हणजे खरोखर डबा, रबराची कड असलेला, जाड प्लास्टिकचा, पोळ्या ठेवायचा. आत मासळीच्या पेटीतला थर्मोकोल कापून केलेला बिछाना आणि त्यात बॅटरी घट्ट झोपवलेली. बॅटरीपासून बोटभर अंतरावर फ्यूज. झाकणात मोटारीत असतं तसं एक गोल सॉकेट आणि टॅबलेटची पिन जायची जागा. बाजूला एक प्लग, आणि प्लगला जाळ्याच्या निळ्या दोरीचा फास.

"डोळं मिटा," तो म्हणाला. "आता ही दोरी वडा."

मी ओढली. प्लग सुटला, दिवा विझला. त्याने मला ते तीनदा करायला लावलं. बायको बोंबील टांगायचं थांबवून पाहत होती. "काका आंधळी कोशिंबीर खेळतात जनू," ती म्हणाली.

मी म्हटलं, डबा धातूचा असता तर जरा मजबूत झाला असता. त्याने मान हलवली. "बॅटरीच्या भोवती पत्रा आमी लावत नाय. वायर घासली की पत्र्याला टेकते. नावेवर मी असा पत्रा बगितलाय, लाल झालेला."

"पण तिथे खारं पाणी. वर कुठलं आलंय?"

"हादरा तर हाय ना?"

मग त्याने हात पुसले आणि विचारलं, "कदी जायचा?"

मला कळेना. त्याने सांगितलं, नवीन वायरिंग केलेली नाव पहिल्यांदा समुद्रावर जाते तेव्हा ज्याने वायरिंग केलं तो बरोबर जातो. पहिली फेरी त्याची. काही बिघडलं तर तो तिथेच असतो, आणि काम चोख केलंय की नाही हे नाखव्याला वेगळं विचारावं लागत नाही. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून असंच आहे. त्यांच्या वेळी फक्त दिवे आणि भोंगा असायचा, तरी ते जात.

माझ्या शेजारची सीट रिकामीच असते. मित्राला, भाच्याला, एकदा तर बँकेच्या मॅनेजरला मी घेऊन गेलो आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर क्लबाची गच्ची आली. पांढरे शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, आणि त्यात हा, बोंबलाच्या वासासकट. मी म्हटलं, "तिथे परवानग्या लागतात हो. बाहेरच्या माणसाला कठीण आहे."

तो "बरा" म्हणाला. त्याची बायको म्हणाली, "बगा, मी बोललेली. कोळी बसला तर इमानाला वास येल." आणि हसली. मीही हसलो. तो हसला नाही. डब्यावरची धूळ फडक्याने पुसून त्याने डबा माझ्या हातात दिला.

क्लबाचे मुख्य प्रशिक्षक एक निवृत्त कॅप्टन आहेत. विमान उत्तम चालवतात. जमिनीवर मात्र त्यांना गणवेश लागतो. खांद्यावरच्या चार पट्ट्यांशिवाय ते चहासुद्धा घेत नाहीत, आणि या विषयावर मी क्लबात बरेच विनोद केलेले आहेत. मी कुठल्याच डामडौलाला भीक घालत नाही, अशी माझी ख्याती होती. ती मीच पसरवली होती.

डबा पाहून कॅप्टन म्हणाले, "प्रोफेसर, आज टिफिनमध्ये काय? बोंबील?"

सगळे हसले. थर्मोकोलला वास होता हे खरं आहे. कॅप्टनच्या पट्ट्यांवर मी वर्षभर केलेले विनोद त्यांनी एका वाक्यात फेडले, इथवर हिशेब बरोबर होता. मी तो तिथेच सोडायला हवा होता. डबा महिनाभर निर्धोक चालला होता. टॅबलेट एकदाही बंद पडला नव्हता.

मी पनवेलला आलो आणि अॅल्युमिनियमची एक सुंदर पेटी बनवून घेतली. घासून चकचकीत केलेली, कोपरे गोल, आणि वर पितळी पाटी, तिच्यावर विमानाचा नंबर कोरलेला. आतलं सामान मी स्वतः हलवलं. थर्मोकोल टाकून दिला. फ्यूजची नळी झाकणाखाली मावत नव्हती, ती काढून टाकली आणि वायर सरळ जोडली. निळी दोरी पेटीवर शोभेना, म्हणून प्लगच काढला आणि त्या जागी स्क्रूने जोड आवळले. काम झाल्यावर मी ती पेटी दिवाणखान्यात ठेवून दोन दिवस बघत होतो.

क्लबाच्या वार्षिक दिवशी ती टेबलावर मांडली होती. लोक हात फिरवत होते. कुणीतरी विचारलं, "सर, तुम्ही केलीत?" मी म्हणालो, "असंच, थोडी खटपट." कुणाचीही फसवणूक होऊ नये आणि सगळ्यांची व्हावी, असं हे वाक्य आहे. संध्याकाळी कॅप्टननी मला शाल आणि नारळ दिला. शाल-नारळाच्या समारंभांची टिंगल करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. शाल खांद्यावर पडली तेव्हा ती नीट दिसावी म्हणून मी जरा ताठ उभा राहिलो.

पुढच्या आठवड्यात माझी वर्षाची चाचणी होती. ती कॅप्टनबरोबर द्यावी लागते. पेटी दोघांच्या मध्ये ठेवली होती. वळणं झाली, इंजिन मंद करून घसरणं झालं, आणि धरणावरून जात असताना मला गरम रबराचा वास आला. मला वाटलं इंजिनाचा असेल. मग पेटीच्या झाकणातून धुराची बारीक रेघ वर आली आणि काचेखाली पसरली.

मी बंद करायला हात घातला. पण बंद करायचं काय? ओढायला दोरी नव्हती, तोडायला फ्यूज नव्हता, नुसते स्क्रू होते. माझे डोळे चुरचुरत होते आणि हात पितळी पाटीवर फिरत होता. कॅप्टननी "विमान माझ्याकडे" एवढंच म्हटलं, खिडकीची झडप उघडली, एका हाताने विमान सांभाळत दुसऱ्या हाताने पेटीचं झाकण उपटलं आणि आतली वायर धरून ओढली. ती त्यांच्या तळव्यात रुतली. तुटली तेव्हा धूर थांबला. उतरवताना भाजलेल्या हाताची फक्त बोटं ते वापरत होते.

खाली उतरल्यावर हात बादलीत बुडवून त्यांनी विचारलं, "हे केलं कुणी?"

क्लबातले सहा-सात जण भोवती उभे होते. मी म्हणालो, "करंज्याचा एक वायरमन आहे. बोटींचं काम करतो."

या वाक्यात खोटा शब्द एकही नाही. तीस वर्षं मी मुलांना शिकवलं की साक्षीदार खोटं बोलताना बहुतेक वेळा खरंच बोलतो, फक्त अर्धं. उदाहरणं मी पुस्तकातून द्यायचो.

कॅप्टन म्हणाले, "मच्छीमारांकडून विमानाचं काम करून घेतलंत, प्रोफेसर?" आणि त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल कीव होती, दोषारोप नव्हता. मला हायसं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण खरोखर हायसं वाटलं.

तीन आठवड्यांनी वायरमनचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच. "काका, तुमच्या इमानात काय झाला काय?"

मी विचारलं, का.

त्याने सांगितलं. बंदरात जहाजांपर्यंत माणसं नेणाऱ्या लाँचेस असतात. त्या चालवणाऱ्या एका कंपनीने वर्षाचं वायरिंगचं काम त्याला द्यायचं तोंडी ठरवलं होतं. मासळी कमी होत चाललेली, अर्ध्या नावा धक्क्यालाच, म्हणून त्याची सगळी भिस्त त्या कामावर होती. आता साहेब म्हणतात, तुझ्या डब्याने विमानात आग लागली असं कळलंय. "मी बोललो, असा होनारच नाय. फ्यूज हाय. पयला फ्यूज जाईल. तर ते बोलले, कॅप्टननी स्वतः सांगितलाय. कॅप्टन त्यांचे दोस्त हायत."

मी म्हणालो, "बघतो मी."

"काका, फ्यूज गेलेला काय?"

मी पुन्हा म्हणालो, "बघतो," आणि फोन ठेवला.

मग मी कॅप्टनना पत्र लिहायला बसलो. पत्र चांगलं झालं. त्यात यंत्र आणि मनुष्यस्वभाव यांच्याविषयी एक परिच्छेद होता, "रचनेत काही बदल घडून आले" असं होतं, आणि "कारागिरास सर्वस्वी जबाबदार धरणे उचित होणार नाही" असं होतं. बायकोला वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "पण फ्यूज कुणी काढला, ते कुठल्या पानावर आहे?"

दुसऱ्या दिवशी मी घाट चढून गेलो. जळालेली पेटी आणि शाल बरोबर नेली. कॅप्टन गच्चीवर चहा घेत होते, तळव्याला अजून पट्टी. इतरही होते. मला वाटलं त्यांना बाजूला घेऊन सांगावं. मग आठवलं की आधीचं वाक्य मी बाजूला घेऊन बोललो नव्हतो. मी पेटी टेबलावर ठेवली आणि सांगितलं की वायरमनने दिलेला डबा प्लास्टिकचा होता, त्यात फ्यूज होता, ओढून सोडवायची दोरी होती, धातू वापरू नका असं त्याने बजावलं होतं, आणि हे सगळं मी स्वतःच्या हाताने काढलं, कारण तुम्ही हसलात. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. तेवढ्यातही मी थोडा वाटा त्यांच्या ताटात वाढला.

कॅप्टननी पेटीत डोकावलं. झाकणाच्या भोकाच्या धारेवर वायरचं आवरण कापलं गेलेलं स्पष्ट दिसत होतं. गोल सॉकेटचं एक टोक पेटीला टेकलेलं, दुसऱ्या टोकाची उघडी वायरही पेटीलाच टेकलेली. शाळेतल्या मुलालाही कळेल.

"दोरी असती तर माझा हात वाचला असता," ते म्हणाले. रागाने नाही, नोंद केल्यासारखं. त्यांनी तिथेच मित्राला फोन लावला आणि माझी चूक एकही शब्द न गाळता सांगितली. पट्ट्यांवर विनोद करण्याची मला पुन्हा कधी इच्छा झाली नाही. फोन ठेवून ते म्हणाले, "काम दुसऱ्याला देऊन झालंय. करार झाला. पुढच्या वर्षी विचार करतील."

शाल मी त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवली. त्यांनी ती घडी करून मला परत दिली. "ती क्लबाची आहे, अशी परत घेता येत नाही," ते म्हणाले. ती माझ्या कपाटात आहे.

करंज्याला मी त्याच रविवारी गेलो. टपरी उघडी होती. मी पेटी पुढे केली आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी शेवटचं वाक्य सोडून. कंपनीच्या साहेबांना खरं कळवलं आहे पण काम गेलं ते गेलं, हेही सांगितलं. बोलता बोलता माझ्या तोंडून "नाय" निघालं, वडिलांसारखं. मला ते ऐकून आणखी लाज वाटली. माफी मागताना माणूस जुने कपडे घालून येतो तसं ते वाटलं.

त्याने पेटी उलटीसुलटी करून पाहिली. जळक्या वायरचं टोक नखाने खरवडलं. मग पितळी पाटीचे चार स्क्रू सोडवून पाटी माझ्या हातात दिली आणि उरलेली पेटी भंगाराच्या पिंपात टाकली.

त्याच्या बायकोने बोंबील टांगायचं थांबवलं नव्हतं. मला वाटलं ती काही बोलेल. ती बोलावी अशी माझी फार इच्छा होती. तिने पुढचा बोंबील उचलला.

"डबा लागंल तुमाला," तो म्हणाला. "बसा."

बसायला उलटी ठेवलेली मासळीची टोपली होती. त्याने मांडीवर डबा घेतला, थर्मोकोल कापला, फ्यूज बसवला. फ्यूज बसवताना तो मला दिसेल असा हात वळवला. निळी दोरी बांधली. दुपार उलटून गेली होती. मी डोळे मिटून तीनदा दोरी ओढून दाखवली, त्याने सांगायच्या आधीच.

"कधी येता?" मी विचारलं. "पहिल्या फेरीला. परवानगी-बिरवानगी काही लागत नाही. तेव्हाही लागत नव्हती."

"म्हायती हाय," तो म्हणाला. "तुमच्या भाच्याचा इमानातला फोटो बगितलेला मी, मोबाइलवर. तुमीच दाखवलेला, पयल्या दिवशी."

मला ते आठवत नव्हतं. नंतर आठवलं.

त्याने हात पुसले. "डब्याची खात्री हाय मला. तुमी एकटे जावा, साहेब."

पहिल्या दिवसापासून त्याने मला काका म्हटलं होतं.

त्या शनिवारी मी एकटा उडालो. डबा उजव्या सीटवर ठेवला आणि त्या सीटचा पट्टा त्याच्यावरून ओढून घेतला. टॅबलेट नीट चालला. धरण गेलं, कालवा गेला, वास फक्त बोंबलाचा येत होता. परत येताना मी एकदा डोळे मिटले, क्षणभरच, आणि हात उजवीकडे नेला. दोरी बरोबर तिथेच होती, जिथवर माझा हात पोचतो.